कार्ट्यांचा गठ्ठा

मोठ्या आई कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. दुसऱ्यांदा सांगायला आपण काही गिरणीचा भोंगा नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याला एकदा सांगून कळत नाही त्याला दहादा सांगूनही कळत नाही, नुसता सांगणाऱ्याचा घसा बसतो. त्यांच्या शिवणकारखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. नवा माणूस कामावर आला की मशीन कुठलं आणि पाणी कुठं, हे दाखवायच्या आधी त्याला सांगितलं जाई, "मोठ्या आईंना पुन्हा विचारायचं नाही. जे ऐकलं तेच करायचं."

कारखाना म्हणजे त्यांच्या घराचाच खालचा मजला. भिंतीलगत मशिनांची रांग, मधे कापायचं लांब टेबल, खिडकीशी भरतकामाचं मशीन, आणि दाराशी मोठ्या आईंची खुर्ची. खुर्चीमागे खिळ्याला एक काळी, वजनदार कात्री टांगलेली. ती त्यांना सासूनं दिली होती आणि सासूला तिच्या सासूनं. बँक, वीजबिल, सह्या हे सगळं मुलगा बघायचा. पन्नाशीला टेकला तरी सगळे त्याला बाळच म्हणत, आणि खुद्द आई त्याला 'कार्ट्या' म्हणे. पण जिच्या खुर्चीमागे कात्री तिचा कारखाना, हे बाळलाही ठाऊक होतं आणि बँकेलाही.

मोठ्या आई दुसरीपर्यंत शिकलेल्या. पुढे त्यांनी शाळा सोडली की शाळेनं त्यांना सोडलं, यावर त्या काही बोलत नसत. लिहायचा कंटाळा, म्हणून गठ्ठे ओळखायची त्यांनी स्वतःची रीत काढली होती. कुठलीही ऑर्डर आली की त्या खुर्चीवरून तिचं बारसं करून मोकळ्या होत. रखवालदारांच्या सदऱ्यांचा गठ्ठा म्हणजे 'पेंगुळले'. वकिलांच्या कोटांचा 'कावळे'. दवाखान्यातल्या झग्यांचा 'कण्हे'. कटिंग मास्तर ते नाव गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या कपड्याच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं लिही. छातीवर काही भरायचं असलं, एखादं नाव, एखादं चिन्ह, तर ते छातीवर लिही. कोपऱ्यात लिहिलेलं गठ्ठ्याचं, छातीवर लिहिलेलं भरतकामाचं. इतकं सोपं. एवढ्या वर्षांत एकाही वकिलाच्या छातीवर कावळा बसला नव्हता.

सूनबाईला मात्र ही रीत पटत नव्हती. सूनबाई शिकलेली होती. हा काही तिचा दोष नव्हे. शिकलेलं तिला पोटात राहत नव्हतं, हा दोष.

"आई, प्रत्येक गठ्ठ्याला आपण एक चिठ्ठी लावू या," ती म्हणायची. "कोणाचा माल, रंग कोणता, काय भरायचं, सगळं नीट लिहून."

"आणि चिठ्ठी पडली तर?"

"टाचणीनं लावू."

"आणि टाचणी कोणाच्या अंगात घुसली तर? पेंगुळले जागे होतील, पण कण्ह्यांचं काय गं?"

मशिनांवरच्या बाया खाली मान घालून हसायच्या. सूनबाईही कधी कधी हसायची. पण एकदा तिनं चिकाटी धरली तेव्हा मोठ्या आई ताठ झाल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हे बघ. माझ्या तोंडच्या सांगण्यातली एक चूक दाखव. एकच. त्या दिवशी ही कात्री तुझ्या हातात देते आणि मी त्या बटणांच्या डब्यापाशी स्टुलावर बसते. आहे कबूल?"

"अहो आई, मी असं कुठं..."

"मी एकदाच सांगते," मोठ्या आई म्हणाल्या, आणि सगळी मशिनं जोरजोरात चालायला लागली.

त्यानंतर नव्या बालवाडीची ऑर्डर आली.

बालवाडीच्या बाई स्वतः येऊन गेल्या. बाई तरण्या, उत्साही, आणि बोलताना दोन्ही हात उडवणाऱ्या. उद्घाटनाच्या दिवशी सगळी मुलं एकसारखे पिवळे एप्रन घालून उभी राहणार होती. एप्रनवर दोन हिरवी पानं, आणि पानांच्या खाली शाळेचं नाव, 'नवी पालवी'. पानांचं चित्र त्यांनी भरतकामवाल्या नक्षीदादांच्या हातात ठेवलं. नाव त्यांनी मोठ्या आईंना सांगितलं.

"आमची पाखरं इतकी गोड दिसतील ना!" बाई म्हणाल्या.

"दिसतील हो, दिसतील," मोठ्या आई म्हणाल्या. बाई दाराबाहेर पडताच त्यांनी मान वळवली. "मास्तर, गठ्ठ्याचं नाव, कार्टी."

मास्तरांनी एप्रन कापले, बायांनी शिवले, गठ्ठा रचला गेला. मग मास्तरांनी खडू उचलला आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. मास्तरांचा सारा जन्म वकील आणि रखवालदार यांच्या मापाचं कापण्यात गेलेला. त्या कपड्यांना कोपरा म्हणजे कोपरा असतो, छाती म्हणजे छाती असते. दोहोंच्या मधे पोटाचा भला मोठा मुलूख पसरलेला असतो. पण तीन वर्षांच्या पोराचा एप्रन तो केवढा! मास्तरांनी आपलं नेहमीच्या हातानं, नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात, कोपऱ्यात 'कार्टी' लिहिलं, ते या गालापासून त्या गालापर्यंत हसावं तसं सबंध छातीवर पसरलं. 'नवी पालवी' लिहायला जागाच उरली नाही. मास्तरांना वाटलं, नक्षीदादा पानांसकट सगळं समोरासमोर बसून ऐकतच होते की. त्यांना का सांगायला हवं?

नक्षीदादा मात्र ऐकत नव्हते. नक्षीदादा पानांकडे बघत होते. कलावंत माणूस. पानांच्या शिरा कुठल्या हिरव्यानं काढाव्यात या विचारात बुडालेले. गठ्ठा पुढ्यात आला, खडूची अक्षरं दिसली, तेव्हा ते जरा थबकले. उठून मोठ्या आईंच्या खुर्चीपाशी आले.

"मोठ्या आई, त्या एप्रनवर ते जे..."

"खडूनं लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण..."

"मग मला काय विचारतोस!"

नक्षीदादा परत गेले. विचारायचा त्यांचा एक प्रयत्न होऊन गेला होता, आणि त्या कारखान्यात तेवढाही कुणी करत नसे. फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्या बुद्धीनं केली. एका एप्रनात एकच पोर मावणार, हे लक्षात घेऊन 'कार्टी'चं 'कार्टं' केलं. मग प्रत्येक एप्रनवर दोन हिरवी पानं, पानांच्या शिरा फिक्या हिरव्यानं, आणि खाली लाल दोऱ्यात, भरीव टाक्यात, जरासं डावीकडे झुकलेलं, डौलदार 'कार्टं'. काम असं झालं होतं की बघत राहावं.

उद्घाटनाच्या सकाळी सूनबाई इस्त्री करायला बसली आणि बघत राहिली.

"आई," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "आई, इकडे या जरा."

मोठ्या आई आल्या. एक एप्रन पाहिला. खालचा पाहिला. त्याच्या खालचा पाहिला. मग सगळ्या गठ्ठ्यातून अंगठा फिरवला. जिथं तिथं कार्टं.

मशिनं एकेक करून थांबली. मास्तरांनी नक्षीदादांकडे पाहिलं, नक्षीदादांनी मास्तरांकडे. "तुम्ही लिहिलंत," हे म्हणाले. "कोपऱ्यात लिहिलं," ते म्हणाले. "कोपरा कुठाय यात?" "मग छाती तरी कुठाय?"

सूनबाईनं खुर्चीमागच्या कात्रीकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे सगळ्यांना दिसलं.

"उसवून टाकू या," बाळ म्हणाला.

"या घरात शिवलेलं कधी उसवलंय?" मोठ्या आई कडाडल्या. "आणि भरीव टाका आहे तो. उसवलास तर चाळणी होईल. पोरांना चाळण्या घालणार आहेस, कार्ट्या?"

"मग वर खिसा लावू," सूनबाई म्हणाली. "खिशाखाली झाकलं जाईल."

कल्पना चांगली होती, नाही असं नाही. पण पिवळं कापड संपलेलं. शोधाशोध करून एक निळा तुकडा सापडला, तो 'कण्ह्यां'तला. एका एप्रनवर लावून पाहिला. लाल 'कार्टं' झाकलं गेलं खरं, पण दोन हिरवी पानं आता निळ्या खिशातून डोकं वर काढत होती. जणू पोरानं कोणाच्या तरी मळ्यातून मुळा चोरून खिशात कोंबला आहे.

"हे आणखी वाईट," एक बाई म्हणाली.

"आता हे उघड उघड कार्टं दिसतं," दुसरी म्हणाली.

मोठ्या आईंनी तो खिसा हातात धरून विचार केला. मग म्हणाल्या, "थांबा. मी त्या शाळेच्या बाईंशी बोलते. बाळ, गाडी... बाळ कुठाय?"

बाळ नव्हता. गठ्ठाही नव्हता. काल मोठ्या आईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "गठ्ठा उचलायचा, गाडीत टाकायचा, दहाच्या ठोक्याला निघायचं, आणि मधे काही बोलायचं नाही." घड्याळात दहा वाजले होते. त्यांना दुसऱ्यांदा विचारायची बाळची काय बिशाद होती!

"फोन करा त्याला!"

सूनबाईनं फोन लावला. तो इस्त्रीच्या टेबलावर, निळ्या चिंध्यांखाली वाजला.

मोठ्या आई आणि सूनबाई रिक्षा करून निघाल्या. एका वळणावर रिक्षा कलली तेव्हा सूनबाईनं सासूचा दंड धरला, आणि मग सोडला नाही. मोठ्या आईंनीही तो सोडवून घेतला नाही. ज्यांच्या घरात सासू-सून आहेत त्यांना यातलं सगळं कळेल. ज्यांच्या घरात नाहीत त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नाही.

बालवाडीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, रंगीत कागदाच्या माळा लावलेल्या, आणि पायरीवर ओळीनं उभी असलेली पोरं. सगळ्यांनी एप्रन घातलेले. बांधणाऱ्या मदतनीस बाईंनी मागून गाठी मारल्या होत्या. पुढून काय आहे ते पाहायला त्यांना सवड मिळाली नव्हती. आता ते समोर बसलेले आईबाप वाचत होते.

आधी कुजबूज झाली. मग एक टायवाले वडील उभे राहिले. "हा काय प्रकार आहे? माझ्या मुलाच्या छातीवर कार्टं?"

"माझ्या पण!" एक आई उठली. "आम्ही घरी त्याला नावापुढे 'जी' लावून बोलतो!"

"म्हणूनच तो तुम्हाला जुमानत नाही," मागून एक आजी म्हणाली. ती त्या टायवाल्याचीच आई निघाली. "आणि तू रे, खाली बस. तुला मी काय म्हणत होते ते सांगू का सगळ्यांना?"

हशा पिकला, पण तो अर्ध्याच खुर्च्यांत. उरलेल्या अर्ध्या खुर्च्या रागावलेल्या होत्या. बालवाडीच्या बाईंचे उडणारे हात आता छातीशी जोडलेले होते आणि डोळे काठोकाठ भरले होते. त्यांनी मोठ्या आईंना पाहिलं मात्र, धावत आल्या.

"मोठ्या आई, हे काय हो? माझी शाळा आज सुरू होतेय. आजच बंद पडेल!"

आता खरं म्हणजे 'चुकलं बाई' एवढं म्हणायचं होतं. पण समोर सूनबाई उभी होती. तिकडे खिळ्याला कात्री होती. आणि मोठ्या आईंच्या जिभेला वळण असं की ती सरळ खाली येत नसे, एक चक्कर मारूनच येई.

"चूक कसली?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मुद्दाम काढलंय. जुना शब्द आहे, अस्सल आहे. हल्लीच्या आईबापांना माहीत नाही म्हणून काय त्याचा उगम गंगेत बुडाला? फार चांगला अर्थ आहे त्याचा."

सूनबाईनं डोळे मिटून घेतले.

बाईंचा चेहरा मात्र उजळला. "खरंच? अहो मग काय! आपले प्रमुख पाहुणे कोशवाले गुरुजीच आहेत. सगळा जन्म शब्दांचे अर्थ शोधण्यात घालवलाय त्यांनी. तेच सांगतील की उगम!" आणि मोठ्या आईंनी पदर सावरेपर्यंत बाई माइकपाशी पोचल्याही होत्या.

मंचावर एक अतिशय म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते झोपलेत असंच सगळ्यांना वाटत होतं. 'शब्द' म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले. एक पोर जवळ बोलावलं, त्याचा एप्रन चष्म्याजवळ ओढून वाचला, आणि त्यांना असा आनंद झाला की जणू हरवलेला नातेवाईक भेटला.

"कार्टं!" ते माइकमध्ये म्हणाले. "वा. किती दिवसांनी सभ्य लोकांत ऐकतोय. आता याचा उगम. प्रामाणिकपणे सांगायचं तर छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. शब्दांच्या जन्माचे दाखले सहसा सापडत नाहीत. पण जुन्या जाणत्यांचं एक मत असं आहे, की हा शब्द मेलेल्या माणसाचं शेवटचं कार्य करणाऱ्यावरून आला."

अंगणात एका कार्ट्यानं नाक ओढलं, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"शेवटचं... म्हणजे?" टायवाल्यानं विचारलं.

"म्हणजे मेल्यावरचं," गुरुजी समाधानानं म्हणाले. "तो माणूस घरी येणं कोणाला आवडणार? मग त्याचं नाव शिवीसारखं झालं, आणि ती शिवी पोरांना चिकटली, असं म्हणतात. दुसरीही मतं आहेत, पण ती कंटाळवाणी आहेत."

मग जे काही झालं त्याला गोंधळ हा शब्द अपुरा पडेल. एका आईनं आपल्या मुलाच्या पाठीची गाठ सोडायला घेतली. मुलानं दोन्ही हातांनी एप्रन घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. त्याला तो लाल दोरा फार आवडला होता. एकाचं बघून दुसऱ्यानं पसरलं. आया गाठी सोडताहेत, पोरं एप्रनला चिकटलेली, टायवाला हात वर करून काही बोलतोय, त्याची आई त्याला खाली ओढतेय, आणि बालवाडीच्या बाई कागदाच्या माळेत तोंड लपवून रडताहेत. त्या गर्दीत बाळ उभा होता. तो सूनबाईला विचारत होता, "दहालाच आणला की मी. काही चुकलं का?"

मोठ्या आईंनी सगळीकडे एकदा पाहिलं. मग त्या मंचावर चढल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांना कधी कुठं बोलावणं लागत नसे. गुरुजींसमोरचा माइक त्यांनी स्वतःकडे वळवला.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. "मी एकदाच सांगते."

आश्चर्य म्हणजे पोरं आधी गप्प बसली.

"पहिली गोष्ट. मघाशी मी म्हणाले मुद्दाम काढलंय. ते खोटं. चूक झाली, आणि ती माझी झाली. मास्तरांची नाही, भरतकाम करणाऱ्याची तर नाहीच. तो विचारायला आला होता, मी त्याला हाकलला. ज्याला एप्रन नको त्याला संध्याकाळपर्यंत दुसरा मिळेल.

"आता दुसरी गोष्ट. हे गुरुजी शिकलेले आहेत, ते म्हणतात तसं असेलही. शेवटचं कार्य करणारा. बरं, मग? त्यात एवढं दचकायला काय झालं? आपण काय इथं मुक्कामाला आलोय? एक दिवस सगळ्यांनाच जायचंय, आणि त्या दिवशी कोणीतरी आपलं लागतं. ज्याला म्हणून हक्कानं सांगता येतं की बाबा रे, मला नीट पोचव. ते काम शेजाऱ्याच्या गोडुल्यावर टाकता येत नाही. त्याला आपलं घरचं कार्टंच लागतं."

टायवाल्याच्या आईनं पदर डोळ्याला लावला.

"तुम्हीच सांगा. लोकांच्या पोराला आपण काय म्हणतो? 'अगंबाई, काय गोड बाळ आहे!' फुकटचं असतं ते. म्हणायला काय जातंय? पण कार्टं कोणाला म्हणतो? ज्याचं नाक पुसलंय, ज्याच्या तापात जागलोय, ज्यानं आपला काचेचा जग फोडलाय, त्याला. परक्या पोराला कार्टं म्हणून बघा, त्याची आई झिंज्या उपटेल. त्या शब्दाला हक्क लागतो. आज मला या पोरांवर तो हक्क नव्हता, तेवढीच माझी चूक. शब्दाची काही चूक नाही. तो उभा आहे ना तिथं मधोमध, पन्नास वर्षांचा, त्याला मी अजून कार्ट्या म्हणते. सांगितल्या वेळेला सांगितलेली गोष्ट करतो, डोकं वापरत नाही, पण करतो. मला त्याचा अभिमान आहे. ज्याला कार्टं म्हणणारं माणूस जगात शिल्लक आहे, त्यानं जपून ठेवावं. मला म्हणणारं कोणी उरलं नाही म्हणून सांगते."

एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला. पहिला.

"कार्टे," शेजारून आवाज आला. "खाली बस आता. किती बोलशील?"

मोठ्या आई वळल्या. कोशवाले गुरुजी चष्मा पुसत होते.

"तेव्हाही असंच बोलायचीस. मधे श्वास न घेता," ते म्हणाले. माइक त्यांच्याही पुढ्यात होता, त्यामुळे सगळं अंगण ऐकत होतं. "मी नवा नवा मास्तर होतो, दुसरीचा वर्ग होता. खुर्चीवर टाकलेल्या माझ्या कोटाच्या दोन्ही बाह्या शिवून टाकल्या होत्यास. तूच ना ती?"

कारखान्यातल्या कोणी कधी पाहिला नसेल असा रंग मोठ्या आईंच्या चेहऱ्यावर चढला. त्यांनी पदर सारखा केला. मग अगदी बारीक आवाजात, पण विचारल्याशिवाय राहवेना म्हणून, त्यांनी विचारलं, "टीप कशी होती?"

"उसवली नाही," गुरुजी म्हणाले. "शेवटी बाह्या कापाव्या लागल्या. मग आख्खी थंडी मी तो कोट बंडी म्हणून वापरला."

"माझी टीप उसवत नाहीच," मोठ्या आई म्हणाल्या, आणि खाली बसल्या. कोणी बस म्हटल्यावर त्या बसल्याचं बाळनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी एकही एप्रन परत आला नाही. टायवाल्यानं आपल्या मुलाचा फोटो काढला आणि मग त्याच्या आईनं त्या दोघांचा काढला. नातवाला ती काय म्हणाली आणि मुलाला काय म्हणाली, ते फोटोत येत नाही, पण शब्द एकच होता. बालवाडीच्या बाईंनी डोळे पुसून दोन्ही हात उडवत सांगितलं, की पुढच्या वर्षीही हेच एप्रन हवेत, जरा मोठ्या मापात.

परतीच्या वाटेवर, गाडीत, मोठ्या आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घरी गेल्यावर कात्री घे."

"काहीतरीच काय, आई?" सूनबाई म्हणाली. "उलट ऑर्डर वाढली. चूक कुठं झाली?"

"नशिबानं निभावलं म्हणजे चूक बरोबर होत नसते. सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता. आणि हे बघ, ती तीन पिढ्यांची कात्री आहे. तिनं कागद कापायचा नाही. तुझ्या चिठ्ठ्या दुसऱ्या कशानं तरी काप. मी एकदाच सांगते."

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई खुर्चीवर बसू लागली. गठ्ठ्यागठ्ठ्याला चिठ्ठ्या लागल्या. मास्तर पहिले काही दिवस टाचणी टोचली की मुद्दाम मोठ्यानं ओरडत. मोठ्या आई स्टुलावर बसून बटणं निवडत आणि चिठ्ठीवर 'विधिज्ञांचे कोट' असं लिहिलेलं दिसलं की बटणांना सांगत, "कावळे, गं बाई, कावळे!"

एका सकाळी नक्षीदादा आले आणि त्यांनी मोठ्या आईंच्या मांडीवर एक घडी ठेवली. मोठ्या आईंनी ती उलगडली. पिवळा एप्रन. मोठ्या माणसाच्या मापाचा. छातीवर दोन हिरवी पानं, शिरा फिक्या हिरव्यानं. खाली लाल दोऱ्यात, भरीव टाक्यात, 'कार्टी'.

मशिनं थांबली.

"चिठ्ठी कुठाय याची?" मोठ्या आईंनी विचारलं.

"चिठ्ठी नव्हती, मोठ्या आई. काल दुपारी तुम्ही वर पडला होतात तेव्हा कोशवाले गुरुजी आले होते. त्यांनी स्वतः खडू मागून घेतला आणि कापडावर लिहिलं."

"आणि तू विचारलं नाहीस कोणाला? एवढं होऊनही? नवीन मालकीण बसलीय ना तिथं!"

"विचारलं की," नक्षीदादा खाली बघत म्हणाले. "सूनबाई म्हणाल्या, खडूनं लिहिलंय ना? मग मला काय विचारता!"

मोठ्या आईंनी खुर्चीकडे पाहिलं. सूनबाई एका चिठ्ठीवर काहीतरी फार बारकाईनं लिहीत होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

"आवडलं नसेल तर उसवून टाकतो," नक्षीदादा म्हणाले.

"खबरदार!" मोठ्या आई उठल्या. एप्रन गळ्यात घातला, छातीवरची अक्षरं हातानं सारखी केली, आणि खुर्चीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"सूनबाई, ये इकडे. मागची गाठ मार," त्या म्हणाल्या. "घट्ट मार. घट्ट म्हणतेय मी, घट्ट."

आणि दुसऱ्यांदा सांगितलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.